बाग जवळ आहे, पण बसायला मिळते का?



आज आम्ही शहरातल्या बागा, मैदानं आणि टेकड्यांबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आपल्याला शेत आहे, बांध आहे, ओढा आहे. शहरातल्या बागेशी आपलं काय देणंघेणं?

देणंघेणं आहे, आणि ते तीन बाजूंनी आहे. आपल्या लेकी लग्न होऊन, मुलं नोकरीसाठी शहरात जातात आणि दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडतात. आपणही सुनेच्या बाळंतपणाला, कुणाच्या आजारपणाला, नातवंडं सांभाळायला महिना-दोन महिने तिथे जाऊन राहतो. आणि तिसरी बाजू सगळ्यात मोठी. आपण शहरात गेलो नाही, तरी शहर आपल्याकडे येतं. ते आलं की गावाचा माळ, गायरान, तळ्याचा काठ यांचं काय होतं, ते आधी समजून घेतलेलं बरं.

झाडं कामं काय करतात?

शहरात हिरवी जागा म्हणजे काय, तर महापालिकेची बाग, खेळाचं मैदान, टेकडी, नदीचा किंवा तलावाचा काठ, रस्त्याकडेची झाडं आणि एखाद्या शहराच्या नशिबात असेल तर जंगल. माणसाला सावलीत बसायला, चालायला, मुलांना पळायला जी उघडी जागा मिळते ती सगळी यात येते.

सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती उष्णता बाहेर सोडतात. म्हणून शहरात सूर्य मावळला तरी उकाडा जात नाही. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईला हे सांगायला नको. झाड दोन कामं करतं. त्याची सावली जमीन तापू देत नाही, आणि पानांतून निघणारी वाफ भोवतालची हवा थंड करते. माठाला बाहेरून पाणी पाझरतं आणि आतलं पाणी गार होतं, तसाच हा प्रकार आहे. शिवाय उघड्या मातीत पावसाचं पाणी मुरतं. सगळीकडे फरशी घातली की तेच पाणी गटारातून धावत खालच्या वस्तीत शिरतं.

मनावरही परिणाम होतो. 1984 साली रॉजर उलरिच या अभ्यासकानं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका दवाखान्याच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण होते. त्यातल्या 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना दुखणं थांबवणारी कडक औषधं कमी लागली. अभ्यास लहान होता. पण आपल्या आज्या दुखणाईताची खाट अंगणात झाडाखाली का टाकायच्या, ते यावरून कळतं.

माणशी किती जागा?

केंद्र सरकारनं शहरांच्या नियोजनासाठी 2014 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की शहरात माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. ही जागा किती, तर बरोबर दहा बाय बाराच्या खोलीएवढी. म्हणजे घरात जेवढी खोली, तेवढीच मोकळी जागा प्रत्येकाच्या वाट्याला घराबाहेर असावी.

मुंबईत ही जागा माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे असं नियोजनाचे अभ्यासक सांगत आले आहेत. एक बाई मांडी घालून बसली की तिची जागा संपली. पाय पसरायचे तर शेजारणीच्या वाट्यात जाणार.

नुसती जागा मोजून भागत नाही, अंतरही मोजावं लागतं. 2021 साली युरोपातल्या एका वन-अभ्यासकानं लक्षात ठेवायला सोपा हिशेब मांडला: 3, 30 आणि 300. प्रत्येक घरातून निदान 3 झाडं दिसावीत. प्रत्येक वस्तीचा निदान 30 टक्के भाग झाडांच्या सावलीखाली असावा. आणि प्रत्येक घरापासून 300 मीटरच्या आत बाग असावी. 300 मीटर म्हणजे डोक्यावर हंडा नसेल तर चार-पाच मिनिटांची चाल. आजीला काठी टेकत जाता येईल आणि लहान मूल कडेवर न घेता चालत जाईल, एवढं अंतर. बसनं किंवा रिक्षानं जावं लागत असेल, तर ती बाग रविवारची सहल होते, रोजच्या वापराची राहत नाही.

जवळ असणं वेगळं, वापरता येणं वेगळं

समजा 300 मीटरवर बाग आहे. मग प्रश्न मिटला का? नाही. कित्येक सार्वजनिक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात, दुपारी फाटकाला कुलूप. सकाळी डबे, पाणी आणि मुलांची शाळा, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला श्वास घ्यायला वेळ मिळतो तो दुपारी एक ते तीन, आणि नेमकं तेव्हाच फाटक बंद. बागेची वेळ ठरवताना तिचा दिवस कुणी डोळ्यांपुढे आणला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रश्न मुतारीचा. पुरुष तासभर फिरून घरी जातो, त्याचं अडत नाही. गरोदर बाई, साखरेचा आजार असलेली आजी, पाळी चालू असलेली मुलगी यांना स्वच्छतागृह नसलेल्या बागेत अर्धा तासही बसता येत नाही. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करते आहे. ही मागणी बागेलाही तितकीच लागू आहे.

तिसरा प्रश्न लोकांच्या नजरेचा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा सार्वजनिक जागेतला वावर काही वर्षं अभ्यासला आणि 2011 साली त्यावर ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. बाई घराबाहेर दिसली की तिच्याकडे काहीतरी काम असावं लागतं. हातात पिशवी, बोटाला मूल, कानाला फोन. नुसती बसलेली बाई लोकांना खुपते. पुरुष पारावर तासन् तास बसतो, त्याला कुणी विचारत नाही.

हे वाचताना आम्हाला आपलं गावच आठवलं. पार कुणाचा? म्हणायला सगळ्यांचा. पण दिवेलागणीला तिथे आपल्यापैकी कोण जाऊन बसते?

त्याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे. बायका सुरक्षित राहाव्यात म्हणून फेरीवाले, मजूर, गरीब पोरं यांना तिथून हाकलायचं, हा उपाय खरा नाही. शेंगदाणेवाला, फुलवाली, चहाची टपरी असली की जागेवर माणसांची जाग राहते. ओस पडलेल्या, उंच भिंतीच्या, चकचकीत बागेपेक्षा चार लोकांची वर्दळ असलेली बाग बाईला जास्त धीर देते.

व्हिएन्नातल्या मुली

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. व्हिएन्ना ही त्याची राजधानी. तिथे 1990 च्या दशकात पालिकेच्या लोकांच्या लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांपर्यंत मुली बागेत येतात आणि त्यानंतर दिसेनाशा होतात. मुलगे मात्र येतच राहतात. कुणी मुलींना मनाई केली नव्हती. बागेच्या मधोमध एकच मोठं मैदान होतं. तिथे मोठे मुलगे चेंडू खेळायचे. मुली भांडण्यापेक्षा निघून जायच्या.

1999 साली तिथल्या मार्गारेटेन भागातल्या दोन बागा नव्यानं आखल्या. एका मोठ्या मैदानाच्या जागी छोट्या छोट्या जागा केल्या. व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. पायवाटा वाढवल्या. गटानं बसता येईल अशी बैठक केली. दिवे लावले आणि नजर अडणार नाही अशी रचना केली. मुली परत येऊ लागल्या, आणि मुलग्यांनाही बाहेर काढावं लागलं नाही.

मुली येत नाहीत, तर त्यांना आवडच नाही असं समजून पालिका गप्प बसली नाही. जागेत काय चुकलंय ते तिनं पाहिलं. आपल्याकडे शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी क्रिकेट चालतं आणि मुली भिंतीकडेला उभ्या राहतात. तिथेही हाच प्रश्न विचारायला हवा.

हिरवळ शहराला, खर्च कुणाला?

मुंबईच्या पोटात जंगल आहे हे पुष्कळजणींना ठाऊक असेल. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे. त्यात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहारचं काम 1860 साली पुरं झालं, आणि या दोन्ही तलावांचं पाणी आजही मुंबईला मिळतं. सकाळी हजारो लोक तिथे फिरायला जातात. पण त्याच जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. शहराला जे फिरायचं ठिकाण, ते त्यांचं घर. काही पाड्यांना वीज-पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. हिरवळ कुणासाठी राखायची हे ठरवताना, तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाला विचारलं का, हेही पाहिलं पाहिजे.

आता पुण्याकडे येऊ. 1997 साली बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी यांसारखी आजूबाजूची गावं पुणे महापालिकेत आली. या गावांच्या टेकड्यांवर आणि डोंगरउतारांवर इमारती होऊ नयेत, म्हणून पुण्यातल्या जाणत्या लोकांनी आग्रह धरला. साडेनऊशे हेक्टरांहून जास्त जमीन ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखून ठेवायचं ठरलं. कागदावर बीडीपी म्हणतात ते हेच.

टेकडी राखली तर पाणी मुरतं आणि खालच्या वस्तीत पूर कमी येतो, हे खरं. पण त्यातली बरीच जमीन खाजगी होती. तिथल्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता की शेजारच्या सपाटीवर प्लॉट पाडून लोक पैसेवाले झाले, आणि आमची जमीन डोंगरउतारावर म्हणून आम्ही तशीच ठेवायची? मोबदला किती आणि कशाच्या रूपात द्यायचा, यावर अनेक वर्षं वाद चालला.

आम्हाला वाटतं, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. टेकडी वाचली पाहिजे, आणि तिचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकता कामा नये. शहर हवा घेतं, तर शहरानं वेळेवर मोल दिलं पाहिजे.

राखलेली टेकडीही कायमची राखली गेली असं समजू नये. पुण्याच्या वेताळ टेकडीवरून आणि तिच्या पोटातून रस्ते आणि बोगदे काढायचं घाटत होतं, तेव्हा 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर टेकडी वाचवायला रस्त्यावर उतरले. त्यात रोज सकाळी टेकडी चढणारे म्हातारे होते, बायका होत्या, पोरं होती. ज्यांच्या पायाला त्या वाटेची सवय होती, तेच तिच्यासाठी आले.

शहर गावात येतं तेव्हा

आता आपल्या दाराशी येऊ. पुणे महापालिकेत 2017 साली आणखी 11 गावं आली आणि 2021 साली 23. राज्यात इतरही शहरं अशीच वाढत आहेत. आज आपलं गाव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल, तर पुढच्या पिढीत ते शहराची पेठ असेल.

गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत राहत नाही. तिची मालमत्ता महापालिकेकडे जाते. आणि मैत्रिणींनो, महापालिकेत ग्रामसभा नसते. आज हात वर करून आपण जो ठराव मांडू शकतो, ती सोय उद्या राहणार नाही. उद्या असतो तो विकास आराखडा. तो प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना लेखी द्याव्या लागतात. मुदत थोडी असते, आणि सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती आपल्या नजरेस पडली नाही, तर मुदत निघून जाते.

आराखड्यात एखादी जागा बागेसाठी राखून हिरवी रंगवली, म्हणजे बाग झाली असंही नाही. जमीन खाजगी असेल आणि महापालिकेनं ती दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण उठतं. पैशाअभावी कित्येक बागा अशा नकाशावरच राहतात.

म्हणून गावाची सामाईक जागा मोलाची. गायरान विकत घ्यावं लागत नाही. सातबाऱ्यावर शासनाचं नाव असतं आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. पण ते फुकट मिळतं म्हणूनच त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढायला सर्व राज्यांना सांगितलं.

इथे एक सावधगिरी हवी. गायरानावर पिढ्यान् पिढ्या कसणारी भूमिहीन दलित आणि आदिवासी कुटुंबंही आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे जे मोठे सत्याग्रह झाले, ते अशाच पडीक जमिनींसाठी होते. चार पत्र्यांच्या झोपडीला आणि धनदांडग्याच्या कुंपणाला एकाच तराजूत तोलू नये. हिरवी जागा वाचवायच्या नावाखाली गरिबाची भाकरी जाता कामा नये.

गटानं काय करावं?

हे काम बचत गटाच्या दोन-तीन बैठकांत सुरू करता येतं.

पहिलं, गावाची फेरी काढा. गायरान, देवराई, पार, ओढ्याचा आणि तळ्याचा काठ, शाळेचं पटांगण, स्मशानाजवळची झाडं या सगळ्या जागांची यादी करा. उघड्या गवताळ माळालाही यादीत घ्या. त्यावर झाडं नाहीत म्हणून तो वाया गेलेला नसतो. तिथे गुरं चरतात, पाणी मुरतं, पाखरं अंडी घालतात.

दुसरं, प्रत्येक जागेपुढे लिहा: इथे कोण जातं, किती वाजता जातं, आणि कोण जात नाही. बायका जात नसतील तर का? उजेड नाही, आडोसा नाही, दारूडे बसतात, की लोक काय म्हणतील ही भीती? कारण लिहिलं की उपाय सुचतो.

तिसरं, तलाठ्याकडून या जागांचे गट नंबर आणि क्षेत्र लिहून घ्या आणि सातबारा काढून पाहा. जुन्या झाडांची नोंद ग्रामपंचायतीच्या वृक्ष नोंदवहीत आहे का ते विचारा.

चौथं, ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. तिथे ठराव मांडा की या अमुक गट नंबरच्या जागा गावाच्या सामाईक वापरासाठी हिरव्या राखाव्यात. मग तो मुख्य ग्रामसभेपुढे न्या. ठरावाचा क्रमांक आणि तारीख असलेली नक्कल मागून घ्या आणि गटाच्या दप्तरात ठेवा. उद्या गाव शहरात गेलं, आराखडा आला, तर हरकतीला जोडायला हाच कागद हाताशी असेल.

पाचवं, आणि आम्हाला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: त्या जागा वापरा. गटाची एक बैठक देवळाच्या ओट्याऐवजी तळ्याच्या काठी घ्या. भोंडला माळावर खेळा. पोरींना संध्याकाळी पटांगणावर खेळायला पाठवा, आणि दोन-चार जणी तिथेच बसून राहा. हातात निवडायची भाजी नसली तरी चालेल. जी जागा आपण रोज वापरतो, तिच्यावर कुणी खुंट ठोकायला आला तर त्याच दिवशी कळतं. जिथे आपण कधी फिरकतच नाही, तिथे कुंपण पडल्याचंही सहा महिन्यांनी समजतं.

आणि शहरातल्या लेकीला पुढचा फोन कराल तेव्हा तब्येत, जेवणखाण झालं की आणखी एक विचारा: घराजवळ बसायला बाग आहे का? आणि असेल, तर तू तिथे बसतेस का?

गटात चर्चेसाठी

1. आपल्या गावात अशी कोणती जागा आहे, जिथे तुमच्या आजी-आई जायच्या आणि आता तुम्ही जात नाही? कधीपासून आणि का?

2. गावाचा पार किंवा पटांगण बायका-मुलींना मोकळेपणानं वापरता यावं, यासाठी एका महिन्यात करता येईल असा एक बदल कोणता?

3. गायरानावर कुणाचं पोट अवलंबून आहे? त्यांना बरोबर घेऊन ते कसं राखता येईल?

तुमची चर्चा काय झाली ते आम्हाला जरूर कळवा.